टेकडीवरची सायकल आणि मागे राहिलेली आई

तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल, तर ‘आई, मी एकटा जातो ना’ हे वाक्य तुमच्या चांगलं ओळखीचं असेल. आमच्याकडे ते गेल्या नोव्हेंबरात आलं. नववीतल्या लेकाने आजोबांकडून गिअरची सायकल मिळवली होती आणि आता ती त्याला वेताळ टेकडीवर न्यायची होती. मी म्हटलं, "जा, पण मीही येणार. चालत." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जवळच दगडाची जुनी खाण. बराचसा भाग वनखात्याचा. पाषाण, कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता अशा कितीतरी बाजूंनी पायवाटा वर येतात आणि एकमेकींत गुंततात. एका बाजूला गिरिपुष्पाची दाटी दिसते. ओसाड टेकडी लवकर हिरवी व्हावी म्हणून लावलेलं हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. पण जरा पुढे गेलात की आपली सालई, मेडशिंग भेटते आणि मोराचा आवाजही कानावर पडतो.

पहिले दोन रविवार मजेत गेले. तिसऱ्या रविवारी एका उतारावर तो पडला. खाली सुटा मुरूम होता, त्याने घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. कोपर आणि गुडघा मात्र चांगलाच सोलवटला. मी पन्नास पावलं मागे होते. ती पन्नास पावलं मी कशी पळाले, ते मलाच माहीत.

नंतर सायकल बाल्कनीत उभी राहिली. तो म्हणाला, "अभ्यास आहे." खरं सांगू? मला मनातून बरंच वाटलं. पण दोन रविवार तो खोलीचं दार लावून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, तेव्हा माझी चूक कळली. त्याची भीती जावी असं मी एकदाही बोलले नव्हते, कारण ती भीती माझ्या सोयीची होती.

पुढच्या रविवारी मीच म्हटलं, "चल, सायकल न घेता जाऊ." तो पडला होता, तिथे आम्ही दोघं उभे राहिलो. रोज टेकडीवर येणारे एक काका थांबले. तरुणपणी ते खूप सायकल चालवायचे. त्यांनी वाट वाचायला शिकवलं. मुरूम सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. उतारावर सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, शरीराचा भार मागे घ्यायचा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता आपल्याला जायचंय त्या वाटेवर ठेवायची.

मग ते आणखी एक बोलले. चाक घसटत थांबवलं की मातीत चर पडतो, पावसाळ्यात पाणी त्याच चरातून धावतं आणि वाटच वाहून जाते. म्हणून ओल्या मातीत सायकल आणायची नाही, जवळची वाट म्हणून नवी वाट पाडायची नाही आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उन्हाळ्यात गवत वाळलं की एका ठिणगीने वणवा पेटतो, हे वेगळं सांगायला नकोच.

त्याच्या पुढच्या रविवारी सायकल वर आली. मी उताराच्या खाली जाऊन उभी राहिले. "डोळे मिटू नकोस हं," तो वरून ओरडला. मी मिटले नाहीत. मुरुमाच्या आधी तो हळू झाला, उठून उभा राहिला, मागे सरकला आणि माझ्या शेजारून सर्रकन निघून गेला. वळून बघितलंही नाही.

आता तो एका मित्राबरोबर जातो. आमचे नियम तीनच: हेल्मेट आणि पाण्याची बाटली हवीच, कुठल्या वाटेने जाणार ते सांगून जायचं आणि दोघांनी एकमेकांना सोडून पुढे जायचं नाही. तुमच्या गावाजवळही अशी एखादी टेकडी, वनखात्याचं एखादं रान असेल. आधी तिथले प्रवेशाचे नियम आणि वेळा विचारून घ्या, पहिल्यांदा वाट पायी बघून या, मग चाकं न्या.

मी मात्र टेकडी सोडलेली नाही. खाणीच्या बाजूची एक वाट आता माझी झाली आहे. मागच्या रविवारी त्याच वाटेवर मागून घंटी वाजली आणि ओळखीचा आवाज आला, "काकू, जरा बाजूला व्हा हो!"

मी मुद्दाम हळू चालले. नियमाप्रमाणे त्याला थांबावंच लागलं.