तिसरी बाजू

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या धाकट्या भावाला भेटायला मी नांदेडहून जाते, तेव्हा मार्कांशिवाय बोलायचं काय हा प्रश्न असतो. मागच्या वेळी त्याच्या रफ वहीतल्या कोऱ्या पानाची लांब पट्टी कापली. 60 अंशांच्या घड्या घालत दहा समभुज त्रिकोण पाडले. दर तीन त्रिकोणांनी पट्टी दुमडत षटकोन केला आणि दहावा त्रिकोण पहिल्यावर चिकटवला. एकाआड एक घडी चिमटीत दाबली की षटकोन मधून फुलासारखा उघडतो आणि लपलेली तिसरी बाजू वर येते.

याला फ्लेक्सागॉन म्हणतात. 1939 मध्ये प्रिन्स्टनला शिकणाऱ्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याच्या फाइलीत अमेरिकी कागद मावेनात. त्याने कडा कापल्या, आणि त्या पट्ट्यांशी चाळा करताना हे खेळणं सापडलं. त्यामागचं गणित सोडवणाऱ्या दोस्तांत रिचर्ड फाइनमनही होता. आपल्याकडे पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी अशी टाकाऊतली कितीतरी खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली.

भावाने लगेच हिशेब मांडला. चिकटवल्यावर उरले नऊ त्रिकोण, दोन्हीकडून अठरा. एका बाजूला सहा दिसतात, म्हणजे बाजू तीनच. पुष्कळ दिवसांनी तो असा खुललेला दिसला. मग त्याने एका बाजूवर ‘एमबीबीएस’ लिहिलं, दुसरीवर ‘रिपीट’. तिसरी उघडून हळूच लिहिलं, ‘बीएस्सी, गणित’.

“ताई, हे पप्पांना तू सांगतीस का?”

“तूच सांग. मी शेजारी बसते.”