कढई एक, पदार्थ ४०

मेनूकार्डाची लांबी आणि वड्याची चव यांचं प्रमाण व्यस्त असतं. हे मला कॉमर्स कॉलेजात कुणी शिकवलं नाही. आटपाडीतल्या एका हॉटेलानं शिकवलं. (नाव सांगत नाही. मालकांचं खातं आमच्याच शाखेत आहे आणि खातेदाराची गुप्तता राखणं हा बँकेचा धर्म आहे.)

पूर्वी तिथं दोनच गोष्टी मिळायच्या, वडा आणि चहा. भजी मागितली तर मालक असे बघायचे, की जणू तुम्ही त्यांना जामीन राहायला सांगितलंय. कार्तिकात शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरला म्हणजे धनगर, व्यापारी, दलाल सगळे त्या एका कढईभोवती. वडा शिळा व्हायचाच नाही. त्याला थांबायला वेळच नसायचा. कढईतून परातीत, परातीतून पोटात! बँकेच्या भाषेत उलाढाल उत्तम, पडून राहिलेला माल शून्य.

मग चिरंजीवांनी धंदा हातात घेतला. विट्याला शाखा, दिघंचीला शाखा. भिंतीवर फलक लागला : पावभाजी, पिझ्झा, मंचुरियन, झालंच तर जैन मंचुरियन. ४० पदार्थ भरले. (मोजायची सवय, दुसरं काय!) कढई मात्र तीच. आधी मंचुरियनचे गोळे, मग फ्रेंच फ्राय, मग त्याच तेलात आमचा वडा. त्यामुळे वड्याला सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा वास. पूर्वी मीठ-मिरची मालकीणबाईंच्या बोटांना ठाऊक असायची. आता बोटं तेवढीच आणि शाखा तीन. म्हणून भाजी पहाटे डब्यांतून टेम्पोनं विट्याला जाते, आणि पोचेपर्यंत एस.टी.त उभ्यानं आलेल्या माणसासारखी दिसते.

तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांना हे कसं जमतं? तर अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांचं हॉटेल होतं. १९४८ साली त्यांनी चांगलं चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवलं, लांबलचक यादीतले नऊच पदार्थ शिल्लक ठेवले आणि १५ सेंटला हॅम्बर्गर विकून नाव काढलं. शाखा निघाल्या त्या नंतर. आमच्याकडे दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला म्हणतात, तोही साध्या गाडीवर. १९९६ साली मॅकडोनाल्ड भारतात आलं. पुढं त्यांचीही यादी वाढली, पण तिथं घड्याळ तळतं, आचारी नव्हे. त्यामुळे चव सगळीकडे सारखी. सारखी म्हणजे चांगलीच असं नाही. आमच्या बँकेचे सगळे काउंटरही सारखेच असतात.

चौथ्या शाखेच्या कर्जासाठी चिरंजीव आले तेव्हा कागद माझ्याच टेबलावर आले. फ्रीज, ओव्हन, फलक, रोषणाई, सगळ्यांची कोटेशनं होती.

"आणि कढई?" मी विचारलं.

"ती हाय की सायेब, जुनी!"

आकडे बरोबर होते, तारणही चोख. वड्याच्या चवीसाठी फॉर्मात रकाना नसतो. प्रकरण पुढं पाठवलं.

थोरले मालक हल्ली नुसते गल्ल्यावर बसतात. परवा मी वडा सांगितला. त्यांनी आत पोराकडे एक नजर टाकली, गल्ला उगाच उघडून मिटला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सायेब, आज नुसता च्या घ्या."