‘मी म्हणतच होतो!’

कुणाला सांगू आणि कुणाला नको, असं झालंय मला! बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ सालचा शोधनिबंध परवा वाचला. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर निघण्याआधी या दोघांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं: निक्सन माओंना भेटण्याची शक्यता किती? असे आणखीही प्रश्न होते. दौरे उरकल्यावर त्याच विद्यार्थ्यांना म्हणाले, तेव्हा तुम्ही किती शक्यता धरली होती ते आठवून सांगा. जे घडलं, त्याची शक्यता आपण मुळातच जास्त धरली होती, असं बहुतेकांना ‘आठवलं’! काही महिने लोटल्यावर तर अधिकच.

मी तडक खण उघडला. नोव्हेंबर २०२४मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या निकालाआधी ऑफिसात डबा खाताना सगळ्यांनी आपापले अंदाज एका कागदावर लिहिले होते, तो माझ्याकडेच होता. कागद न दाखवता आमच्या हिशेबनीस काकांना विचारलं. “महायुती दोनशेच्या वर, मी म्हणतच होतो!” कागदावर त्यांच्याच अक्षरात १४०. काका कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते, आणि मला थरार वाटला तो त्याचाच! २३ नोव्हेंबरचा २३० हा आकडा त्यांची जुनी आठवण गुपचूप पुसून तिच्या जागी जाऊन बसला होता.

निकाल कळला की मन त्याची कारणं वेचू लागतं, आणि मग ती आधीपासूनच ढळढळीत दिसत होती असं वाटतं. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये सगळ्यांना ठाऊक होते, खरंय. पण सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं, हेही ठाऊक होतंच की! त्याच वर्षी जूनमध्ये याच महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा कांद्याची निर्यातबंदी सगळ्यांच्या तोंडी होती. नोव्हेंबरात पारडं फिरलं नसतं, तर आज सोयाबीनचा भाव तोंडी असता, तितक्याच खात्रीने!

म्हणून पुढच्या मतमोजणीच्या आदल्या रात्री एवढं कराच. जागा, तारीख आणि मुख्य म्हणजे तसं का वाटतं ते दोन ओळींत लिहा, कागद दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायला द्या. काही महिन्यांनी आधी आठवून सांगा, मगच तो उघडा.