उधना ते कोंडाईबारी : आपल्या गावाकडचा रस्ता

दिवाळी आठ दिवसांवर आली की उधन्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. गावाला कसे जायचे? रेल्वेने, ट्रॅव्हल्सने की स्वतःच्या गाडीने? साक्री, नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा अशी गावांची नावे चाळीत, सोसायटीत, कारखान्याच्या गेटवर ऐकू येऊ लागतात. यंदा आम्ही गाडीने गेलो. मी, माझे वडील आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी. वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, नातसुद्धा.

जाण्याचे कारण फक्त दिवाळीचे नव्हते. साक्री तालुक्यात आमची थोडी शेती आहे. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा तिची एक पट्टी रस्त्यात गेली. उरलेली जमीन आता थेट रस्त्यावर आली, म्हणून ढाब्यासाठी एका गिऱ्हाइकाने चांगला भाव लावला होता. उधन्यातल्या आम्हा भावांचे मत पडले, विकून टाकू. गावात राहून ती शेती करणारे काका मात्र गप्प होते. त्या गप्प राहण्याचा अर्थ विचारायलाच आम्ही निघालो होतो.

पहाटे साडेपाचला उधना सोडले. कडोदरा, बारडोली, व्यारा. बारडोलीला चहा घेताना मुलीने फोनवरचा नकाशा उघडला. म्हणाली, "आबा, हा रस्ता हजिऱ्याहून निघतो आणि थेट ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. नंबर ५३."

आबा म्हणाले, "आमच्यासाठी तो सहा नंबरच. कलकत्त्याचा रोड."

दोघांचेही बरोबर होते. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि जुन्या सहा क्रमांकाचा हा भाग ५३ झाला. मग मुलीने आम्हाला तिच्या अभ्यासातली एक गोष्ट सांगितली. १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा केला. तो 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी जी वर्गवारी आपण आजही वापरतो, ती त्या बैठकीतली. चांगल्या शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे तिथे ठरले होते. संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे रस्तेही राष्ट्रीय महामार्गांत धरले होते. म्हणजे सैन्य, व्यापारी आणि शेतकरी या तिघांचा विचार एकाच कागदावर झाला होता.

सोनगड आले तसे डोंगर जवळ आले. पिलाजीराव गायकवाडांनी आपले पहिले ठाणे इथे केले. बडोद्याचे वैभव नंतरचे. इथेच का, हे गाडीतूनही कळते. गडावरून सुरतेकडचे मैदान आणि खानदेशाकडची वाट, दोन्हींवर नजर राहते.

उच्छल ओलांडले की नवापूर. इथले रेल्वे स्टेशन आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यात. गाड्यांची घोषणा चार भाषांत होते. तापी व्हॅली रेल्वे इथून १९०० च्या सुमारास धावू लागली तेव्हा ही सीमा नव्हतीच. ती १ मे १९६० ला आली. आबांचा जन्म त्याआधीचा. ते हसून म्हणाले, "आम्ही कुठे परराज्यात गेलो? राज्यच मधून गेलं."

तसे पाहिले तर या वाटेने माणसे शेकडो वर्षे ये-जा करत आली आहेत. सुरतेच्या पूर्वेकडच्या एका वेशीचे नावच बऱ्हाणपूर दरवाजा होते. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून व्यारा, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा बऱ्हाणपूरला गेला. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निये याने नवापूरबद्दल लिहून ठेवले आहे, की गाव विणकरांनी भरलेले आहे आणि इथल्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो. हे ऐकून आबा थोडा वेळ बोलले नाहीत. १९७८ साली ते याच वाटेने रेल्वेने उधन्याला आले आणि त्यांनी तीस वर्षे लूम चालवला. विणकाम करणारी माणसे या वाटेवर त्यांच्याआधीही होती, याचे त्यांना बरे वाटले असावे.

विसरवाडीनंतर घाट सुरू झाला. कोंडाईबारी. आपल्याकडे, बागलाणात आणि पश्चिम खानदेशात, खिंडीला 'बारी' म्हणतात. सेलबारी, ढोलबारी, कोंडाईबारी. मुलगी म्हणाली, "रस्ता आखणारा आधी हेच शोधतो. डोंगराची रांग कुठे खाली वाकली आहे ते." डोंगरी रस्त्याला साधारण वीस मीटर पुढे जाताना एक मीटर चढ, एवढाच ठेवायचा प्रयत्न असतो. त्याहून तीव्र चढ असला की भरलेला ट्रक धापा टाकतो आणि उतरताना ब्रेक तापतात. म्हणून वळणे घ्यावी लागतात, लांबी वाढते, खर्च वाढतो. इंजिनिअरने हे गणित कागदावर मांडण्याच्या कितीतरी आधी बैलांच्या तांड्यांनी ते पायाने सोडवून ठेवले होते.

एकच वाट असली की ती अडवणेही सोपे. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले आणि बागलाणातून परत निघाले. त्यांना अडवायला बऱ्हाणपूरकडून दाऊदखान आला. लढाई झाली ती वणी-दिंडोरीजवळ, डोंगररांग ओलांडण्याच्या ठिकाणी. पुढच्याच वर्षी महाराजांनी साल्हेर घेतला, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. सुरत आणि दख्खन यांच्यामधल्या वाटांवर पहारा ठेवायला त्याच्यासारखी जागा नाही.

आजही डोंगरी सीमेवर रस्त्यांचे जाळे विणताना हाच विचार असतो. एक खिंड बंद पडली तर दुसरी हवी, आणि दोघींना जोडणारा आडवा रस्ता हवा. हिमालयात हे काम करणारी सीमा रस्ते संघटना ७ मे १९६० ला उभी राहिली. आपल्या दोन राज्यांची सीमा आखली गेली, त्यानंतर सहाच दिवसांनी. तिकडे बर्फ आणि दरडी, रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. आपल्याकडे सुरत-चेन्नई द्रुतगती मार्गाच्या आखणीत सुरत-नाशिक हा असाच डोंगरी टप्पा आहे. सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातल्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांचा जमिनीचा आणि मोबदल्याचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. नकाशावरची रेघ सरळ दिसते, पण तिच्याखाली कुणाची तरी विहीर, कुणाचे तरी मोहाचे झाड असते.

दहिवेल मागे टाकून दहाच्या सुमारास गावात पोहोचलो. काकू दारातच होत्या. "उनात का? या, बठा." कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा. जेवण झाल्यावर काका आम्हाला शेतावर घेऊन गेले आणि तिथे पहिल्यांदा बोलले.

रस्त्याची भर उंच झाली, तेव्हापासून पावसाचे पाणी खालच्या वावरात साचते. दोन वर्षे कपाशी पिवळी पडली. "विका म्हणता तर विका," ते आबांना म्हणाले. "पण दादा, पिकत नाही म्हणून विकू नका. पिकत होतं, तुम्ही बघितलंय."

मुलगी रस्त्याच्या कडेने चालत गेली. मोरी सापडली, पण तिचे तोंड आमच्या बांधाच्या पातळीपेक्षा बरेच वर होते आणि पुढे पाणी नाल्यापर्यंत नेणारी चारी कुणी काढलीच नव्हती. तिने फोटो काढले, पावलांनी अंतर मोजले, वहीत आकृती काढली. म्हणाली, "आबा, डोंगरी रस्त्यात अर्धं काम पाण्याचं असतं. इथे तेच राहिलंय."

त्या रात्री ओट्यावर विक्रीचा विषय निघाला नाही. सातबारा, भूसंपादनाचे जुने कागद, फोटो आणि आकृती जोडून काकांच्या सहीचा अर्ज तयार झाला. मुलीने लिहिला, काकांनी दोनदा वाचून घेतला, 'चारी' हा शब्द त्यांनी स्वतः घालायला लावला. दिवाळीनंतर तो संबंधित कार्यालयात दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. गिऱ्हाइकाला आम्ही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितले आहे. भाऊ थोडे नाराज आहेत, आणि त्यांचेही अगदी चूक नाही. पैशांची गरज उधन्यातही आहे.

परतताना घाटात गाडी थांबवली. खाली ट्रकांची रांग सुरतेकडे उतरत होती. आबा नातीला म्हणाले, "मी आलो तेव्हा या रस्त्याने फक्त जायचं कसं, एवढंच बघितलं होतं."

आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते. यंदा गावाला गेलात की एक सकाळ काका-मामांबरोबर बांधावर घालवा. सातबारावर कुणाची नावे आहेत, पाणी कुठून येते, कुठे जाते, विचारून घ्या. तुमचे शिक्षण तिथे कोणत्या कामाला येईल, हे घरी बसून कळत नाही.