मैलाचे चौकोन, तेहेतीस फुटांचा गुंठा

शिकागो सोडून नैर्ऋत्येला निघालं की तासाभरात शहर आटोपतं आणि मका लागतो. लागतो तो लागतोच. ऑक्टोबरात तो वाळून तांबूस झालेला असतो, आणि त्याच्यामधून रस्ता जराही न वळता जातो. दर मैलाला एक आडवा रस्ता येतो, तोही काटकोनात. मी गाडीच्या मीटरकडे बघून मोजायला लागलो तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, पुढे अख्खं राज्य असंच आहे. थकाल."

ही आखणी जुनी आहे. अमेरिकी काँग्रेसने १७८५ मध्ये कायदा केला आणि सर्वेअरांनी ओढा, उतार, कुणाची वहिवाट काही न बघता जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन पाडत नेले. एक चौकोन ६४० एकरांचा, असे ३६ म्हणजे एक टाउनशिप. ज्या मॅक्लीन काउंटीत माझी मुलगी राहते तिथे किकापू लोकांचं मोठं गाव होतं. चौकोन पडले आणि ते गेले. मोजायला वापरली ती गंटर नावाच्या इंग्रजाची ६६ फुटांची साखळी, ऐंशी साखळ्यांचा मैल. आमच्याकडे १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी बसवली. आमच्या मोजणीतली साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. साहेबाचीच साखळी, पण तिकडे ती मैलभर धावली आणि इकडे गुंठ्यावर थांबली.

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या माणसाला हे फार जाणवतं. आमचं घर आळंदी रस्त्यावर. आषाढीची पालखी जाते त्या दिवशी दारातून पाऊल बाहेर टाकायला जागा नसते, आणि इतर दिवशीही फार असते असं नाही. इथे मैलामागून मैल पिकाचे जातात आणि शेतात माणूस दिसत नाही. बांधावर बसलेला नाही, पाणी धरणारा नाही, राखणीला नाही. घरं दिसतात, पांढरी, लांब लांब. धान्याच्या पत्र्याच्या कणग्या दिसतात, तीन मजली. मी जावयांना विचारलं, "हे पिकवतं कोण?" ते इन्शुरन्स कंपनीत संगणकाचं काम करतात, त्यामुळे त्यांनी आकडा सांगितला. अमेरिकेतली सरासरी शेती ४६३ एकरांची. महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरही नाही.

मुलगी राहते त्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल या जोडगावात मराठी घरं बरीच, गणपती बसतो, दिवाळीला फराळ निघतो. इतक्या मक्यात इतकी मराठी माणसं कशी आली, याचं कारणही शेतीतच आहे. जी. जे. मेकर्ल नावाच्या निवृत्त शेतकऱ्याने १९२२ मध्ये शेतकऱ्यांच्या मोटारींचा विमा उतरवायला इथे एक कंपनी काढली. तीच आजची स्टेट फार्म. तिच्या संगणकांपायी पुण्या-नागपूरची पोरं मक्यात येऊन राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी मक्याच्या शेतात पाय ठेवलेला नाही. ठेवतात ते तिकीट काढून.

तिकिटाची शेती नातीने दाखवली. गावाबाहेर भोपळ्याचं शेत, माणशी वीस डॉलरच्या घरात प्रवेश, आणि आत जत्रा. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेताला चक्कर. बकऱ्यांना चढायला लाकडी पूल. मक्यात कापून काढलेला भूलभुलैया, ज्यात आईबाप पैसे भरून पोरांसकट हरवतात. उत्तर इलिनॉयमध्ये स्प्रिंग ग्रोव्हला असा २८ एकरांचा आहे आणि तो जगात सर्वांत मोठा म्हणवतो. २८ एकर पीक वाट चुकण्यासाठी! पण खरा धक्का पुढे होता. एक मोठा हौद, गुडघाभर मक्याच्या दाण्यांनी भरलेला, आणि पोरं बुटांसकट त्यात उड्या मारतायत, दाणे उधळतायत, अंगावर ओतून घेतायत. आमची ही जागीच थबकली. "अगं, अन्नावर पाय!" नात म्हणाली, "आजी, हे अन्न नाहीये, कॉर्न आहे."

आणि नातीचं बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. हा भाजून लिंबू-मीठ लावायचा मका नव्हेच. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा गाडीच्या इंधनात मिसळायचं इथेनॉल करायला जातो, तेवढाच मोठा हिस्सा डुकरं-कोंबड्या-गायींच्या पोटात. माणूस तो दाणा तसाच उचलून क्वचितच खातो. तरीही हिने त्या हौदाला वळसा घातला.

आपल्याकडेही शेत दाखवायचा धंदा निघाला आहेच. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ मध्ये कृषी पर्यटनाचं केंद्र झालं, २०२० मध्ये सरकारचं धोरण आलं, आणि थंडीत अर्धं पुणं हुरड्याला जातं. पण आपल्या हुरड्यात आगटीपाशी शेतकरी स्वतः बसलेला असतो, कणसं चोळता चोळता भाव पडल्याचं ऐकवतो. इथे मालक कोण हेच कळेना. तिकीट फाडणारी कॉलेजची मुलं.

इंडियानात फेअर ओक्स फार्म्सला गेलो तिथे तर शेतीचं नाट्यगृहच आहे. हजारो काळ्यापांढऱ्या होल्स्टीन गायी, बसमध्ये बसून गोठ्यांतून फेरी, आणि काचेमागे एक प्रचंड फिरतं गोल. गाय आपली आपण चढते, फेरी पुरी होईतो दूध काढून होतं, मागे सरून उतरते. (असं फिरतं गोल पाहायला विश्रांतवाडीकराने इंडियाना गाठायची गरज नाही, मंचरच्या भाग्यलक्ष्मी डेअरीत आहे.) शेणाचा गॅस करून त्यावर दुधाचे ट्रक चालवतात, याचं मात्र मनापासून कौतुक वाटलं.

मग बाळंतिणींची खोली. चढत्या पायऱ्यांची आसनं, समोर काच, काचेपलीकडे वीत असलेली गाय. माणसं आइस्क्रीम खात बसलेली. वासराचे पाय दिसले तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्या घरी गाय व्यायची तेव्हा आम्हा पोरांना हाकलून देत, आडोसा करत, नजर लागेल म्हणून. मला टाळ्या वाजवणं जमलं नाही, उठूनही जाववेना. हिचा हिशेब वेगळाच चालला होता. इथे रोज डझनांनी गायी वितात, म्हणजे चीक किती! आणि एवढ्या मुलखात खरवस कुणाला ठाऊक नाही. ब्लूमिंग्टनच्या मराठी बायका डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा नकली खरवस लावतात आणि असली चीक दोन तासांवर आहे. तिने तिथल्या मुलीला विचारूनही पाहिलं. चीक वासरांना बाटलीने पाजतात, विकत नाहीत, असं उत्तर मिळालं. वासरू आईला चाटू देतात का, हे विचारायचं राहिलं. याच फार्मच्या वासरांना कामगार मारहाण करतानाचं चित्रीकरण २०१९ मध्ये एका प्राणिमित्र संघटनेने बाहेर आणलं, गहजब झाला, काही माणसं कामावरून गेली. काचेपलीकडच्या खोलीत अर्थातच त्याचा मागमूस नाही.

मोलिनला जॉन डिअरचं दालन पाहिलं, पण त्यावर थांबत नाही. १८३७ मध्ये या लोहाराने चिकट काळ्या मातीतून निसटणारा पोलादी नांगर केला आणि हा सगळा गवताळ मुलूख उलथा झाला, एवढं लक्षात ठेवावं. नात घराएवढ्या यंत्रात चढून बसली. मला त्या हिरव्या-पिवळ्या रंगाचं अप्रूप नव्हतं. नगर रस्त्याला सणसवाडीत त्यांचाच कारखाना आहे.

हाताने शेती करणारी माणसं दिसली ती एकदाच, आर्थर गावाजवळ. तिथे १८६५ पासून आमिश लोकांची वस्ती आहे. वीज घरात घ्यायची नाही, मोटार ठेवायची नाही, मुलांना आठवीपुढे शिकवायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, जो मला अजून पटलेला नाही. पण शेतात बाप, मुलगा, घोडे सगळे एकदम दिसले आणि डोळ्यांना बरं वाटलं. रस्त्याकडेला टेबलावर अंडी, जॅमच्या बाटल्या आणि पैशांचा डबा. विकायला कुणी नाही.

अखेर खरा शेतकरी भेटला. जावयांच्या ऑफिसातल्या एकाचे वडील, सत्तरीचे. कापणी चालू होती आणि यंत्राच्या केबिनमध्ये दुसरी खुर्ची असते, तीत त्यांनी मला बसवलं. बारा ओळी एकदम गिळत यंत्र चाललं. आजोबांचे हात मांडीवर. सुकाणू उपग्रह सांभाळत होता. पडद्यावर एकरी उताऱ्याचा आकडा हलत होता, मी मनात क्विंटल केले तर पन्नासच्या पुढे. विहीर कुठे, मोटर कुठे, असं मी विचारलं. म्हणाले, विहिरीचं काय काम? पाऊस पुरतो. त्यांच्या शेताखाली पाइप आहेत, पण ते पाणी बाहेर काढायला! जमीन मुळात दलदलीची, जास्तीचं पाणी ओढ्याला सोडलं नाही तर मुळं कुजतात. आयुष्यभर शेतात पाणी आणण्यासाठी भांडणारी माणसं पाहिलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

बापलेक मिळून दोन हजारांवर एकर करतात, निम्मी खंडाने. गाय नाही, कोंबडी नाही, भाजीचा वाफा नाही, दूध-अंडी दुकानातून. त्यांनी मला विचारलं, तुमची किती? म्हटलं, धानोरीच्या बाजूला वडिलोपार्जित तीस गुंठे. गुंठा समजावून सांगितला तेव्हा ते हसले, आमच्या घराभोवतीची हिरवळ याहून मोठी आहे म्हणाले. मग मी जमिनीचा भाव विचारला. चांगली काळी जमीन, एकराला पंधरा हजार डॉलरच्या आसपास. मी गुंठ्याचा भाव डॉलरमध्ये करून सांगितला. आमच्या एका गुंठ्यात त्यांचे दोन-तीन एकर सहज येत होते.

यंत्र ओळीच्या टोकाला आलं होतं. पहिल्यांदाच त्यांनी सुकाणू हातात घेतलं, वळवलं, आणि विचारलं, एवढ्या महाग जमिनीत पिकवता तरी काय?

"फ्लॅट," मी म्हटलं.

मग विकून मोकळे का होत नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यांतली चार वारलेली, दोन कोर्टात आणि एक आत्या सही करत नाही, हे मी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. मला अर्धी ओळ होईपर्यंत वेळ लागला. आत्याचं ऐकून आजोबांनी मान डोलावली. त्यांची धाकटी बहीण ओहायोला असते, तीही वाटणीच्या कागदावर सही करत नाही.