कानात उरलेला नाद

तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे मराठीत म्हणतात. ऐकणे हीदेखील एक साधना आहे, हे मान्य करण्याचा मोठेपणा या म्हणण्यात आहे. मात्र ही पदवी देताना आपला समाज काहीसा हात आखडता घेतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात ज्याने पूर्वी रात्री जागवल्या, तो कानसेन ठरतो. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या जिवापाड जपणाराही ठरतो. विजेवरची गिटार आणि ड्रम यांच्या कल्लोळात ज्याने आयुष्याची पन्नास वर्षे घालवली, त्याच्या वाट्याला ‘तरुणपणचे वेड’ एवढाच शेरा येतो. पण जे वयाबरोबर ओसरते ते वेड. सत्तरी गाठल्यावरही जे ओसरत नाही, त्याला दुसरे नाव शोधणे भाग आहे.

दादरच्या दोन खोल्यांत वाढलेला आणि १९७० च्या सुमारास कॉलेजात गेलेला असा एक श्रोता येथे अभिप्रेत आहे. त्याच्या घरात रेडिओ होता आणि त्या रेडिओवर वडिलांची सत्ता होती. रॉक त्याच्यापर्यंत आले ते आडवाटेने. परदेशी तबकडी दुर्मीळ आणि महाग. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये ऐकण्यासाठी छोट्या बंदिस्त खोल्या असत, तेथे उभे राहून ऐकून घ्यावे आणि विकत न घेता बाहेर पडावे, हा त्या वयाचा रिवाज होता. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.) पुढे कॅसेट आली. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे करत गाणे हाती येई तेव्हा त्यात गाण्याइतकीच खरखर असे. या टंचाईने त्याला एक गोष्ट शिकवली. जे थोडे आहे ते पुरवून ऐकायचे. लेड झेपेलिन किंवा पिंक फ्लॉइड यांची एकेक तबकडी महिनोन्‌महिने पुरे. कोणत्या वळणावर बास गिटार मागे सरते, ड्रमवरचा आघात किंचित उशिरा कोठे पडतो, हे त्याला पाठ होते. शब्द निम्मेअधिक कळत नसत, आणि त्याचे दुःखही नव्हते. बंदिशीतील शब्द तरी कोठे सगळे कळतात! स्वर वाहून नेण्यापुरते ते समर्थ असले की पुरे.

‘हे आपले नव्हे’, हा आक्षेप त्याने घरात आणि दारात पुष्कळ ऐकला. या आक्षेपाचा इतिहास मनोरंजक आहे. ज्या पायपेटीवाचून मराठी नाट्यसंगीताची कल्पना करता येत नाही, ती युरोपातून आलेली. जी संवादिनी आज भजनापासून ख्यालापर्यंत सर्वत्र साथीला असते, तिला १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर मज्जाव होता. वाद्य परके आहे की आपले, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. किती पिढ्यांनी ते हाताळले यावरून ठरते. शिवाय ही देवघेव एकतर्फीही नव्हती. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन येथील वादकांसह आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून गेले. त्याच शहरात, त्याच दिवसांत, दादरचा हा तरुण त्यांची झिजलेली कॅसेट कानाशी धरून बसला होता. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध झाले २०१५ मध्ये. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

रॉकच्या श्रोत्यांना भारतीय संगीताने एक धडाही दिला. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे पंडित रविशंकर दुपारी सतार वाजवून गेले. त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने त्याच रंगमंचावर आपली गिटार पेटवून दिली. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतील रविशंकरांना ते पाहवले नाही. १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री वुडस्टॉक येथे ते पावसात वाजवत होते. आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या जलशात तर वाद्ये जुळवणे संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणीच इतकी आवडली तर वादन अधिकच आवडेल, असे रविशंकरांनी हसून सांगितले. हा प्रसंग आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितला जातो. या श्रोत्याला त्यात निराळेच काही दिसते. ज्याला कळत नाही तोही टाळी देण्यास उत्सुक आहे, ही श्रोत्याची पहिली पायरी होय. तो स्वतः रॉकच्या दारात असाच उभा राहिला होता.

मुंबईत प्रत्यक्ष जलसे विरळच होत. १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा इंग्लंडमधला वाद्यवृंद आला, तोही एका महिला क्लबच्या निमंत्रणावरून. ३० सप्टेंबर १९८८ रोजी मानवी हक्कांसाठी जगभर फिरणारा जलसा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. ब्रूस स्प्रिंगस्टीनला ऐकण्यासाठी तो आगगाडीने दिल्लीला गेला. पण त्याचे खरे घर म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. उघड्या आकाशाखालच्या त्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. देशातले तरुण वाद्यवृंद तेथे येत, आणि श्रोत्यांची परीक्षा कठोर असे. बेसूर गाणाऱ्याला दुसरे गाणे गाता येत नसे. प्रारंभी दुसऱ्यांचीच गाणी वाजत. हळूहळू स्वतः रचलेली ऐकू येऊ लागली. दरसाल तेच चेहरे दिसत. नावे ठाऊक नसत, पण एखादा दिसला नाही तर चुकल्यासारखे होई. पंढरीच्या वाटेवर दरवर्षी भेटणाऱ्यांचे नाते काहीसे असेच असावे.

१९९० नंतरच्या एका वर्षी मात्र तो रंगभवनात नव्हता. त्याची आई जवळच्याच एका रुग्णालयात होती आणि रात्री उशाशी बसण्याची पाळी त्याची होती. संध्याकाळी जलसा सुरू झाला. जे तो आत उभा राहून ऐकत आला होता, ते प्रथमच भिंतीपलीकडून त्याच्या कानी आले. आणि ते संगीत नव्हते. उंच स्वर भिंती अडवतात, हवेत विरतात. मंद्र कंपने मात्र दगडमातीतून वाट काढतात. गिटारची तान, गायकाचा स्वर, शब्द, सगळे वाटेत गळून गेले होते. उरला होता फक्त ठोका. खिडकीच्या काचेला तो जाणवत होता. कोणते गाणे चालू आहे हे ठोक्यांवरून त्याला ओळखता येत होते. शेजारच्या खाटेवरील बाईंना येत नव्हते. आईने डोळे मिटूनच विचारले, ‘‘तुझंच का रे ते?’’ त्याने हो म्हटले. ‘‘मग असू दे,’’ असे म्हणून ती कुशीवर वळली. तिला झोप लागली नाही, हे त्याला कळत होते.

पुढे २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद झाली. तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रंगभवनाच्या आसपास हे सारेच होते. थोड्याच वर्षांत तेथले जलसे थांबले. मित्रांनी निषेधाच्या पत्रकावर सही मागितली तेव्हा त्याने ती दिली नाही, आणि नियमाची बाजूही मांडली नाही. दोन्ही बाजूंचे सत्य त्याने एकाच भिंतीच्या दोन अंगांना बसून ऐकले होते. त्यातले एक खोडून दुसरे लिहिणे त्याला जमले नाही.

पुढे जलसे आडमाप मोठे झाले. १९७६ मध्ये लंडनच्या एका फुटबॉल मैदानावर ‘द हू’ या वाद्यवृंदाचा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. कानांचे नुकसान करणाऱ्या विक्रमांना उत्तेजन नको, म्हणून हा प्रकारच त्या पुस्तकाने पुढे बंद केला. याच वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने आपल्या श्रवणशक्तीच्या ऱ्हासाविषयी उघडपणे सांगितले आहे. हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरले, तर पुढच्या दर तीन डेसिबलला हा काळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. एका जलशाचे तीन तास धरले, तरी या श्रोत्याच्या कानांनी किती उधारी केली असेल! ती फेडणे आता चालू आहे. रात्री सर्वत्र सामसूम झाली की त्याच्या डाव्या कानात एकच उंच स्वर वाजत राहतो. तपासणीच्या आलेखावर सेकंदाला ४००० कंपनांपाशी रेघ खाली बसलेली दिसते. झांजेची किणकिण त्याला आता ऐकू येत नाही. पूर्वी ऐकलेली असल्याने तो ती मनाने भरून काढतो.

तरीही २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्सना ऐकायला तो गेला. आयर्न मेडनसाठी १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांत, पांढऱ्या केसांनिशी उभा राहिला. कोणीतरी ‘‘अंकल, पुढे या,’’ म्हणून वाट करून दिली. पहिल्या आघाताआधीच्या क्षणी हजारोंचा श्वास थबकतो. समेवर येण्यापूर्वीची ती अधीरता ख्यालाच्या मैफलीतही असते. येथे ती हजारो छात्यांत एकदम असते, एवढाच फरक. एरवी एकाकी असलेला माणूस त्या क्षणी एकटा नसतो. कानांची किंमत मोजून त्याने घेतले ते हे. सौदा तोट्याचा होता असे तो म्हणत नाही.

आता तो घरी बसून हळू आवाजात ऐकतो. रात्री दहानंतर तबकडी लावत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचा जलसा होता. नात निघाली तेव्हा त्याने औषधांच्या दुकानातून आणलेली कानात घालायची बोंडे तिच्या हातावर ठेवली. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून दूर उभी राहा, मधून मधून बाहेर येऊन कानांना विसावा दे, असे बजावले. तिने विचारले, ‘‘आजोबा, मग मजा कशी येणार?’’ मजा येईल, असे तो म्हणाला. आणि ती पुढे चाळीस वर्षे यायला हवी.