अडीच घटकांचा राजपुत्र

काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्या गुणदोषांची चर्चा करावयास आपली मासिके नेहमीच जागा देत आली आहेत. परंतु मुले ज्या खेळात तासन्‌तास गढून जातात, त्याची चर्चा मात्र 'वाईट आहे, बंद करा' या चार शब्दांपलीकडे सहसा जात नाही. ज्या वस्तूने घरातील मुलांचे मन व्यापले आहे, तिची परीक्षा न करता निंदा करणे हे शिक्षकी पेशात जन्म काढलेल्या माणसास शोभत नाही. म्हणून संगणकावरील एका जुन्या व प्रसिद्ध खेळाचे गुणदोष आम्ही येथे यथामति मांडीत आहोत. आमच्या घरच्या एका अडचणीच्या वर्षी या खेळाचा आमच्याकडे मुक्काम होता. त्यामुळे त्याची ओळख आम्हांस जवळून झाली.

खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया', म्हणजे इराणचा राजपुत्र. जॉर्डन मेकनर नावाच्या पंचविशीतील अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली प्रसिद्ध केला. सुलतान परमुलखात लढाईवर गेला आहे. मागे जाफर नावाचा वजीर सत्ता बळकावतो, राजकन्येस महालात कोंडतो आणि तिच्यापुढे वाळूचे घड्याळ ठेवून बजावतो की, एका तासात माझ्याशी विवाहास रुकार दे, नाही तर मरणास सिद्ध हो. तिचा प्रियकर तळघरात कैदेत आहे. त्याने निःशस्त्र निघून तलवार शोधावी, सापळे चुकवावेत, पहारेकऱ्यांशी लढावे, बारा टप्पे ओलांडून वर यावे आणि मुदतीच्या आत तिला सोडवावे, एवढेच कथानक. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी ज्यांनी बालपणी वाचल्या असतील, त्यांस यात अपूर्व असे काही वाटणार नाही. अपूर्वता आहे ती एवढीच की, ही गोष्ट ऐकावयाची नसून स्वतः पार पाडावयाची आहे.

या खेळाचा पहिला गुण राजपुत्राच्या चालीत आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रण केले, आणि त्यातील एकेक चित्र गिरवून राजपुत्राची आकृती उतरविली. तलवारीचे हात १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या बोलपटातील द्वंद्वावरून घेतले. संगीत त्याच्या वडिलांनी रचले. हे गृहस्थ व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. अशा रीतीने हे एका कुटुंबाच्या हातून घडलेले काम आहे, आणि कुटुंबासाठी चालणाऱ्या मासिकात ते सांगावयास आम्हांस विशेष आनंद वाटतो.

आमचे घर पेणचे. श्रावणात हमरापूर-जोह्याकडे गेले असता साच्यातून काढलेल्या शेकडो गणेशमूर्ती ओळीने मांडलेल्या दृष्टीस पडतात. डोळ्यांची आखणी होईपर्यंत त्या निर्जीव वाटतात. मग एखादा वाकबगार कारागीर कुंचल्याच्या दोन रेघा ओढतो आणि मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. या राजपुत्रास डोळे जवळजवळ नाहीतच. चेहरा म्हणजे चार ठिपके. परंतु धावता धावता थांबावयाचे म्हटले की तो दोन पावले घसरतो. उडी थोडक्यात चुकली की बोटांनी कठडा धरून लोंबकळतो आणि साऱ्या अंगाचा भार ओढीत वर येतो. कारागिराने येथे जीव ओतला आहे तो देहाच्या भारात.

संगणक आमच्या घरी १९९५ साली आला. थोरल्या बंधूंचे ज्येष्ठ चिरंजीव ठाण्यास नोकरीस होते. त्यांच्या कचेरीने मोडीत काढलेले यंत्र त्यांनी विकत घेऊन पेणला आणले आणि त्याबरोबर एका फ्लॉपीवर हा खेळही आला. पुढील वर्षी, म्हणजे मार्च १९९६ च्या परीक्षेत, बंधूंचा धाकटा मुलगा दहावीस गणितात नापास झाला. आमच्याकडे दोन पिढ्या शिक्षकीत गेलेल्या. असा निकाल घराने पाहिला नव्हता. मुलगा पंगतीस येईनासा झाला. सर्वांची पाने उठल्यावर स्वयंपाकघरात चार घास खाई आणि माडीवर जाऊन त्या खेळापुढे बसे. आम्ही त्या वेळी रोह्यास शाळेत संस्कृत शिकवीत होतो व शनिवारी नागोठण्यावरून एस. टी.ने घरी येत असू. एका शनिवारी ओटीवर पाय ठेवतो तो बंधूंचा आवाज कानी आला, "ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा आहे, आणि हा भिंतीवरून उड्या मारतोय! उद्याच्या उद्या ते यंत्र विकून टाका." वहिनी आतून म्हणत होत्या, "तेवढ्यापुरतं तरी त्याचं मन रमतंय हो. राहू दे." अखेर आमचे मत विचारण्यात आले. आम्ही म्हणालो की, यंत्र विकू नये, माडीवरही ठेवू नये; ते ओटीवर आणावे, आणि खेळावयाचे ते संध्याकाळी, सर्वांच्या देखत, एक डाव. डाव एका तासाचाच असल्यामुळे निराळे घड्याळ लावण्याचे कारण नव्हते.

शनिवार-रविवारी आम्ही त्याच्याजवळ बसू लागलो, तेव्हा खेळाचा दुसरा आणि मुख्य गुण ध्यानात आला. राजपुत्रास मरणे कितीदाही माफ आहे. तो खड्ड्यातील भाल्यांवर पडला, पहारेकऱ्याच्या तलवारीस बळी पडला किंवा उंचावरून कोसळला, तरी एक कळ दाबताच त्याच टप्प्याच्या आरंभी उभा राहतो. परंतु त्या खटपटीत गेलेली मिनिटे त्यास परत मिळत नाहीत. साठ मिनिटे, म्हणजे आपल्या जुन्या मोजणीने अडीच घटका, एकदा सुरू झाल्या की राजपुत्र मेला काय आणि जगला काय, वाळू गळतच राहते. डाव मध्येच राखून ठेवला, तर उरलेली मिनिटे तेवढीच राखली जातात. पडद्याच्या तळाशी मधूनमधून शिल्लक वेळेची अक्षरे उमटतात, आणि ती वाचून मोठ्या माणसाच्याही पोटात कालवते.

एके दिवशी मुलगा मान वर न करता म्हणाला, "काका, ह्यात मेलं तरी चालतं. उठता येतं. वेळ तेवढा परत मिळत नाही."

आम्ही त्यास काही बोललो नाही. परंतु ते वाक्य आमच्या मनात राहिले. घरात त्या दिवसांत 'पोरगं हातचं गेलं' असे शब्द सर्रास निघत. वास्तविक गेले होते ते सहा महिने. शाळेत आम्ही जे नापास मुलगे पाहिले, त्यांपैकी पुष्कळांस गणित नडले नव्हते. आपण आता उठावयाचे नाही, ही समजूत नडली होती. हा खेळ त्या समजुतीस थारा देत नाही, आणि वेळ फुकट आहे असा उलट भ्रमही होऊ देत नाही. या दोन गोष्टी एकत्र शिकविणारे पाठ्यपुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

ओटीवर आल्यामुळे तो खेळ सर्व घराचा झाला. मातोश्री जपमाळ घेऊन बसत. लहान मुले 'उडी, उडी!' म्हणून ओरडत. राजपुत्र त्या संध्याकाळी कसकसा मेला याचेच बोलणे करीत एके रात्री सर्व मंडळी आत गेली, आणि त्यांच्याबरोबर तोही येऊन पानावर बसला. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी आमटी वाढली.

तिसरा गुण छायेचा. चौथ्या टप्प्यात वाट एका आरशाने अडते. धावत येऊन त्यातून उडी मारावी लागते. राजपुत्र इकडून पार होतो तोच आरशातून त्याची छाया निघून उलट दिशेस पळते. पुढे हीच छाया त्याच्यासमोर बलवर्धक औषधाची कुपी पिऊन टाकते आणि ऐन वेळी दार लावून त्यास खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून आडवी येते. तिच्यावर वार करावा, तर जखम आपल्यालाच होते. आमच्या ओटीवर कित्येक संध्याकाळ तिच्याशी युद्ध झाले आणि प्रत्येक वेळी दोघेही मेले. पुढे एका सुट्टीत मुलगा आमच्याबरोबर रोह्यास आला असता तेथील एका सोबत्याने त्यास युक्ती सांगितली: "तलवार म्यान कर आणि सरळ तिच्याकडे चालत जा." तसे करताच छाया राजपुत्रात विलीन झाली, आणि पुढे जेथे नुसती पोकळी दिसत होती, तेथे पावलागणिक फरशी उमटत गेली. आपणच आपले मित्र व आपणच आपले शत्रू, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचार आम्ही वर्गात अनेक वर्षे समजावून दिला. त्याचे असे प्रात्यक्षिक एका अमेरिकन खेळात भेटेल, ही आमची कल्पना नव्हती. गंमत अशी की, या छायेचा जन्म टंचाईतून झाला. ज्या यंत्रासाठी खेळ प्रथम रचला, त्याच्या स्मृतीत दुसऱ्या योद्ध्याच्या चित्रांस जागा पुरेना. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे जराशी बदलून हा प्रतिस्पर्धी उभा करण्यात आला.

आता दोष. पहिला दोष अन्यायाचा. कित्येक सापळे असे आहेत की, त्यांत एकदा मेल्यावाचून ते तेथे आहेत हे कळावयास मार्गच नाही. पायाखालची फरशी अकस्मात् निसटते. छायेपुढे तलवार म्यान करावी, हे अकरा टप्पे तलवारीवर विसंबलेल्या खेळाडूस सुचावे तरी कसे? न शिकविलेल्या धड्यावर प्रश्न घालणारा परीक्षक आणि हा रचनाकार यांत आम्हांस फरक दिसत नाही.

दुसरा दोष बीभत्सतेचा. वर-खाली दातांची पाती असलेला एक सापळा राजपुत्राचे दोन तुकडे करतो. मातोश्री त्या वेळी तोंड फिरवीत. भय दाखविण्यास एवढे रक्त आवश्यक नव्हते.

तिसरा दोष मातोश्रींनीच काढला. "ही बाई नुसती बसून का राहते? दार ठोठावत नाही, ओरडत नाही!" राजकन्येच्या हातून घडणारे कृत्य एकच: आठव्या टप्प्यात राजपुत्र अडकला असता ती एक उंदीर पाठविते आणि तो कळीवर उभा राहून दार उघडतो. "उंदीर तेवढा कामाचा निघाला," असे मातोश्री म्हणाल्या तेव्हा सर्व ओटी हसली. उंदराचा मान पेणकरांस नवा नाही. पण आक्षेप खराच आहे. सावित्री व दमयंती यांच्या कथा ज्या घरी रोज सांगितल्या जातात, तेथे ही राजकन्या फार दुबळी वाटते.

चौथा दोष जाफरवरील अन्यायाचा. जाफर हा खलिफा हारून अल्-रशीद याचा इतिहासप्रसिद्ध सहकारी. त्याचे घराणे बर्मकांचे, मूळचे बल्ख येथील 'नवविहार' नामक बौद्ध मठाचे अधिपती. 'बर्मक' हा शब्द आपल्या 'प्रमुख' या शब्दापासून आला, असे विद्वान मानतात. याच घराण्याच्या आश्रयाने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत गेला. इ. स. ८०३ मध्ये खलिफाने जाफरचा शिरच्छेद करविला. अरबी गोष्टींतही तो धन्याचा विश्वासू सोबती आहे. त्यास कपटी वजीर केले ते १९४० सालच्या 'थीफ ऑफ बगदाद'सारख्या चित्रपटांनी, आणि या खेळाने तोच कित्ता गिरविला. मुलांस खेळ देताना खऱ्या जाफरची गोष्टही सांगावी.

शेवटचा दोष मुख्य गुणाच्याच पोटी आहे. घड्याळ सतत मागे लागल्यामुळे महालाच्या कमानी, जाळ्या व गालिचे पाहावयास खेळाडूस सवड नाही. विद्यार्थ्यास घाईची सवय लागणे हे काही विद्येचे लक्षण नव्हे.

ऑक्टोबरात मुलगा उत्तीर्ण झाला. ते श्रेय खेळास देण्याची आमची इच्छा नाही. ते पहाटे उठून सोडविलेल्या उदाहरणांचे आहे. आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. २०१२ साली मेकनरच्या वडिलांस घरात या खेळाच्या मूळ लेखनाच्या हरवलेल्या फ्लॉप्या सापडल्या, ही बातमी त्यानेच आम्हांस मोठ्या कौतुकाने वाचून दाखविली होती. २००३ साली याच मालिकेत 'सँड्स ऑफ टाइम' नावाचा खेळ निघाला. त्यातील राजपुत्राजवळ असा एक खंजीर आहे की, उडी चुकल्यास काळच काही क्षण मागे फिरविता येतो. तो खेळ देखणा आहे, आणि त्यातील राजकन्या धनुष्य घेऊन लढते. म्हणजे मातोश्रींच्या आक्षेपास उत्तर मिळाले. पुतण्याची अकरा वर्षांची कन्या गेल्या मे महिन्यात पेणला आली, तेव्हा दोन्ही खेळली. जुना खेळताना तिने विचारले, "आजोबा, ह्यात मागे नेता येत नाही?" आम्ही म्हणालो, "नाही बाळ." ती जरा थांबली, आणि पुन्हा पहिल्या फरशीपासून धावू लागली.

तेव्हा आमचे मत असे की, दोन्हीपैकी जुना खेळ मुलांस आधी द्यावा. तो घरातील मोकळ्या जागी, चारचौघांत खेळू द्यावा. दिवसाकाठी एकच डाव असावा. आणि कोणीतरी वडीलधाऱ्याने जवळ बसावे. छायेपाशी मूल अडले, तर तीन-चार संध्याकाळ त्यास लढू द्यावे, आणि मग हळूच सांगावे की, तलवार म्यान कर.